पुरावा कोणी द्यायचा?

माजी सैनिकांसाठी एखाद्या आमदार-खासदाराने काही करायचे म्हटले, की नाशकात दोन गट आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन उभे राहतात. पहिल्या गटाच्या मते यात वाद घालण्यासारखे काही नाहीच. जवान सीमेवर जागा होता म्हणून आपण घरी झोपलो, त्याच्यासाठी करावे तेवढे थोडे. दुसरा गट बोटे मोजतो: पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, घरपट्टी माफ आहे, नोकरीत राखीव जागा आहेत, अजून काय द्यायचे? आणि आमदारसाहेबांना अचानक आलेला हा कळवळा देवळाली, भगूर, नाशिकरोड पट्ट्यातली मते मोजूनच आला असणार. कित्येक वर्षे हीच वाक्ये ऐकू येताहेत, आणि दोघांचाही विषय एकच: सैनिकाविषयी आपल्या मनात किती कृतज्ञता असावी. मला हा वादच भलत्या जागी चाललेला वाटतो. माजी सैनिकाला काय मिळायला हवे हे बहुतांशी नियमांत लिहून ठेवलेले आहे. घोडे अडते ते त्यापुढे. लिहून ठेवलेले आपल्याला लागू होते हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर किंवा त्याच्या विधवेवर टाकलेली आहे, आणि सिद्ध करायचे ते अशा कचेरीपुढे, जिच्या कपाटात सगळे कागद आधीपासूनच आहेत. लोकप्रतिनिधीला खरोखर काही करायचे असेल, तर ही जबाबदारी उलटी फिरवणे हे त्याचे पहिले काम. शाल-श्रीफळ काय, कोणीही देईल.

हे नाशकात बसून लिहायला कारण आहे. देवळालीला तोफखान्याचे स्कूल, नाशिकरोड कॅम्पला आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण, ओझरला हवाई दलाचा विमानदुरुस्तीचा डेपो, हे सगळ्यांना माहीत असते. कमी दिसणारी गोष्ट अशी की तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिसही नाशिकरोडलाच आहे. पंजाबातला असो की तामिळनाडूतला, तोफखान्यातल्या जवानाच्या भरतीची तारीख, बायकोचे नाव, मुलांचे जन्म, दुखापत, बढती या साऱ्याची नोंद इथे असते. देशभरातल्या तोफचींच्या विधवा ज्या पत्त्यावर अर्ज धाडतात, तो पत्ता आपल्या शहराचा आहे.

आता आपल्याच घरांतली एक साधी गोष्ट घ्या. लग्नात मुलीचे नाव बदलायची चाल महाराष्ट्रात परवापरवापर्यंत सर्रास होती. माहेरची सुमन सासरी आली आणि लक्ष्मी झाली. जवानाने युनिटला एक नाव कळवले, रेशनकार्डावर दुसरे चढले, आधार काढताना ऑपरेटरने तिसरेच स्पेलिंग ठोकले. नवरा हयात असेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शनचा अर्ज जातो आणि शेरा घेऊन परत येतो: नाव जुळत नाही. मग प्रतिज्ञापत्र, मग पेपरात जाहिरात, मग सरपंचाचा दाखला, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र, मग लष्कराच्या नोंदीत नाव दुरुस्त करणारा आदेश, म्हणजे पार्ट टू ऑर्डर. ज्या नवऱ्याबरोबर जन्म काढला त्याचीच बायको आपण होतो, हे सत्तरीतल्या बाईने कागदोपत्री सिद्ध करायचे. तिला कृतज्ञतेची टंचाई आहे का? गावच्या झेंडावंदनाला तिला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. खुर्चीवर बसून पेन्शन सुरू होत नाही, एवढेच.

सैनिकांचा विषय निघाला की शिवाजी महाराजांचे नाव येते, आणि बहुतेक वेळा ते भाषणाचा शेवट टाळ्यांवर व्हावा म्हणून येते. मला ते एका हिशेबासाठी हवे आहे. 1659 च्या प्रतापगडच्या युद्धानंतरची जी हकीकत सभासदाच्या बखरीत आहे, तीत लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत चालवले, मुलगा नव्हता तिथे बायकोला निम्मे वेतन लावून दिले, आणि जखमींना जखम पाहून 200, 100, 50, 25 होन दिले, असे नमूद आहे. बखर महाराजांच्या निधनानंतर, राजारामांच्या काळात लिहिली गेली. आकडे जसेच्या तसे धरून बसायचे कारण नाही. पण लिहिणाऱ्याला काय टिपून ठेवावेसे वाटले ते बघा. त्याने गौरवाचे शब्द नोंदवले नाहीत, दर नोंदवले. आणि जखम पाहायची होती ती देणाऱ्याने. जखमी माणसाने दारोदार जाऊन ती दाखवत फिरायची नव्हती. पुढे पेशवाईतही लढाईत पडलेल्यांच्या पोरांसाठी बालपरवेशीची नेमणूक दफ्तरात लिहिली जात असे. आपली परंपरा सांगायचीच असेल तर ही सांगावी.

याउलट आजची एक गोष्ट. धरमवीर सिंग नावाचा जवान 1985 मध्ये लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, भरती झाला. तेव्हाच्या वैद्यकीय तपासणीत तो ठणठणीत होता. 1994 मध्ये फिट्स येतात म्हणून त्याला 20 टक्के अपंगत्व दाखवून घरी पाठवले, आणि आजार प्रकृतीचाच आहे, नोकरीशी त्याचा संबंध नाही, असे सांगून अपंगत्व पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 2013 मध्ये. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत जडला असेच धरायचे. तसे नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाला. हे तत्त्व न्यायालयाने हवेतून काढले नव्हते, सरकारच्याच पेन्शन नियमांत ते होते. तरीही ते आपल्याला लागू आहे हे ऐकायला एका माणसाची एकोणीस वर्षे गेली. त्यानंतरही सरकार अशाच प्रकरणांत अपिले करत राहिले. 2015 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीला हे खटले कमी करा म्हणून सांगावे लागले, आणि 2023 मध्ये नवे नियम आले तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनांची तक्रार हीच होती की दार आणखी अरुंद झाले.

इथे दुसऱ्या गटाचा सगळ्यात जड मुद्दा समोर ठेवायला हवा, कारण तो पोकळ नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणावर 6.81 लाख कोटी होते आणि त्यातले 1.60 लाख कोटींहून जास्त निव्वळ पेन्शनसाठी. जवळपास चौथा हिस्सा. सुमारे 34 लाख पेन्शनधारक आहेत. शिवाय गैरवापर होत नाही असे कोण म्हणेल? कॅगच्या अहवालात असे आढळले की निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 36 ते 40 टक्के अपंगत्व पेन्शन घेऊन जातात. जवानांत हेच प्रमाण 15 ते 18 टक्के. पुरावा मागणे सैल केले तर हा आकडा कुठे जाईल?

हाच आकडा मला उलट दिशेने वाचावासा वाटतो. शारीरिक कष्ट, थंडी, चढाई, ओझे हे जवानाच्या वाट्याला जास्त येते. मग अपंगत्व अधिकाऱ्यांमध्ये दुपटीने कसे? एक उघड उत्तर असे की नियम ज्याला वाचता येतो, वैद्यकीय बोर्डापुढे काय बोलायचे हे ज्याला कळते आणि बोर्डावरचे डॉक्टर ज्याच्या ओळखीचे असतात, त्याला पुरावा देणे सोपे जाते. पुराव्याचे ओझे सैनिकावर टाकल्याने लबाड गाळला जात नाही. गाळला जातो तो पेठ-सुरगाण्याचा हवालदार, ज्याचा गुडघा सियाचीनमध्ये गेला आणि ज्याने तेव्हा एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) नोंद करण्याऐवजी बाम चोळून ड्यूटी केली. गैरवापर थांबवायचा असेल तर निवृत्तीच्या वेळचे बोर्ड काटेकोर करा, नोंदी त्या त्या वेळी ठेवा, कारण लेखी द्या. ती सगळी सरकारच्या हातातली कामे आहेत.

दुसरा आक्षेप मला आणखी जवळचा वाटतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे घालवलेल्या कामगाराला ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेखाली किती मिळते? किमान पेन्शन 2014 पासून एक हजार रुपये आहे. महिन्याला. येवला-चांदवडच्या कांदा उत्पादकाला तेही नाही. मग एकट्या सैनिकासाठी गळा का काढायचा? कामगाराची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तिच्यासाठी वेगळा लेख लिहायला मी तयार आहे. पण दोघांच्या स्थितीत एक फरक आहे, आणि तो शौर्याचा नाही. संविधानाच्या कलम 33 ने संसदेला सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क मर्यादित करायचा अधिकार दिला आहे, आणि लष्कर कायद्याने तो वापरला आहे. जवानाला युनियन काढता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, वर्तमानपत्रात तक्रार लिहिता येत नाही. कामगार गेटवर बसू शकतो. जवान नोकरीच्या अटी ठरताना तोंड उघडू शकत नाही, आणि त्याच अटींप्रमाणे पंधरा-सतरा वर्षांनी, पस्तिशी-चाळिशीत, मुलांच्या फिया सुरू व्हायच्या वेळी घरी येतो. ज्या सभागृहाने त्याचे बोलणे बंद केले, त्याच सभागृहातल्या लोकांनी त्याच्या वतीने बोलायला नको का? हे उपकार नव्हेत, त्या बंदीचीच दुसरी बाजू आहे.

कृतज्ञतावाल्यांचा आवडता दाखला अमेरिकेचा असतो. तिकडे विमानतळावर लोक उठून टाळ्या वाजवतात, आपल्याकडे बघा. वाजवत असतील. पण 1932 मध्ये पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक कबूल केलेला बोनस आताच द्या म्हणून वॉशिंग्टनमध्ये तंबू ठोकून बसले, तेव्हा जनरल मॅकआर्थरने रणगाडे आणि अश्रुधूर वापरून त्यांना हुसकावले होते. त्या लाजेतून शिकून अमेरिकी काँग्रेसने 1944 मध्ये शिक्षण, घरकर्ज आणि बेकारभत्ता देणारा कायदा केला. 2014 मध्ये फीनिक्सच्या सरकारी रुग्णालयात माजी सैनिकांच्या खऱ्या प्रतीक्षायाद्या दडवून ठेवल्याचे उघड झाले. माजी सैनिक खात्याच्या मंत्र्याला पायउतार व्हावे लागले, आणि समाजवादी बर्नी सँडर्स व रिपब्लिकन जॉन मॅक्केन या दोन टोकांच्या सिनेटरांनी एकत्र बसून सुधारणेचा कायदा आणला. माझ्या मुद्द्याला सगळ्यात जवळचे उदाहरण 2022 चे. इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर प्लास्टिकपासून रसायनांपर्यंत सगळा कचरा उघड्या खड्ड्यांत जाळत. त्या धुरात राहिलेल्या सैनिकांना पुढे कर्करोग, फुफ्फुसाचे विकार झाले, आणि तुमचा कर्करोग त्याच धुराने झाला हे दाखवा, असे त्यांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. ‘पॅक्ट’ कायद्याने वीसहून अधिक आजारांची यादीच घातली: तुम्ही तिथे होता आणि तुम्हाला हा आजार आहे, एवढे पुरे. बाकी गृहीत. हा कायदाही फुलांच्या पायघड्यांवरून आला नाही. सिनेटमध्ये ऐन वेळी अडला, माजी सैनिक संसदेच्या पायऱ्यांवर ठिय्या देऊन बसले, मग 86 विरुद्ध 11 मतांनी पार झाला. टाळ्या तर आधीपासून होत्याच. त्यांनी एकही क्लेम मंजूर झाला नव्हता.

आपल्याकडे मंत्री नसलेल्या खासदाराला स्वतःच्या, म्हणजे खासगी विधेयकाने असे काही करता येईल का? प्रामाणिकपणे सांगायचे तर आशा धरू नये. स्वातंत्र्यानंतर अशी 14 विधेयके कायदा झाली आणि शेवटचे 1970 मध्ये. पण सभागृहाकडे दुसरी हत्यारे आहेत. वन रँक वन पेन्शनची गोष्ट आठवा. रस्त्यावरचे आंदोलन सगळ्यांना आठवते. त्याआधी 2011 मध्ये राज्यसभेच्या विनंती अर्ज समितीने एका अर्जावर दिलेला अहवाल कोणाला आठवत नाही. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, तेच जे पुढे आपले राज्यपाल झाले (त्या कारकिर्दीविषयी इथे न बोललेले बरे). त्या अहवालाने समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन म्हणजे नेमके काय, हे शब्दांत बांधले. पुढचे सगळे भांडण, 2015 चा सरकारी आदेश धरून, त्या व्याख्येभोवती झाले. अर्थात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समितीचा अहवाल म्हणजे सरकारचे धोरण नव्हे. म्हणजे अहवालावर थांबून चालत नाही, तो नियमात उतरेपर्यंत मागे लागावे लागते. पण त्या अर्जाला निदान एक दार होते. 1894 मध्ये कोकणातले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी महारांची लष्करातली भरती बंद करण्याविरुद्ध मुंबई लष्कराच्या सेनापतींसाठी अर्ज लिहिला. बाजू कागदोपत्री भक्कम होती, सेवेचा इतिहास होता. पण तो अर्ज घेऊन सभागृहात उभा राहणारा त्यांचा कोणी प्रतिनिधी नव्हता. आज तो आहे. तो काय करतो हा प्रश्न आहे.

‘संरक्षण हा केंद्राचा विषय, आमदार काय करणार’ हे वाक्य मी आमदारांच्याच तोंडून ऐकले आहे आणि ते सोयीचे आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्याचे आहे. मेस्को हे माजी सैनिकांचे महामंडळ राज्याचे आहे. घरपट्टीमाफीचा 2020 चा निर्णय राज्याचा, अंमल महापालिका आणि ग्रामपंचायतींचा. सरकारी नोकऱ्यांतल्या क आणि ड वर्गातल्या 15 टक्के राखीव जागा राज्याच्या. राखीव जागा आणि प्रत्यक्ष भरती यांच्यातली दरी संसदेच्या समित्यांनी वेळोवेळी नोंदवली आहे. ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा मारला की जागा सुटते. उमेदवार मिळाला नाही याचा पुरावा मात्र त्या खात्याकडे कोणी मागत नाही. विधानसभेत हे विचारता येते: गेल्या पाच वर्षांत कोणत्या खात्याने असा शेरा किती वेळा मारला, आणि त्याआधी सैनिक कल्याण कार्यालयाकडून यादी मागवली होती का? किती जिल्ह्यांत सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे पद अतिरिक्त कार्यभारावर चालते? मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचे पुढे काय झाले हे बघायला आश्वासन समिती आहे, आणि राज्याच्या विधिमंडळातही विनंती अर्ज समिती आहे. तारांकित प्रश्नाचे फ्लेक्स लागत नाहीत, ही त्याची खरी अडचण.

आरोग्याचे पाहा. माजी सैनिकांच्या उपचारांची ईसीएचएस (एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम) ही योजना 1 एप्रिल 2003 पासून आहे आणि तिच्या नावातच अंशदान आहे. माजी सैनिकाने निवृत्तीच्या वेळी वर्गणी भरलेली असते. फुकट नव्हे. 2025-26 मध्ये तिला 8,317 कोटी दिले होते, रक्कम लहान नाही. तरी देवळालीच्या पॉलिक्लिनिकला सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्या म्हाताऱ्याला औषध ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, असे कळते तेव्हा त्याचा दिवस आणि तिकीट दोन्ही गेलेले असतात. पॅनेलवरची खासगी रुग्णालये बिले थकली म्हणून कॅशलेस बंद करतात, हे देशभर पुन्हा पुन्हा घडले आहे. तिथेही पुराव्याचा खेळ तोच: आधी खिशातून भरा, मग ते भरणे खरोखर गरजेचे होते हे दाखवा. आमदाराला ईसीएचएसचे बजेट वाढवता येणार नाही, मान्य. पण आपल्या खासदाराकरवी संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे जिल्ह्याचा हिशेब नेता येतो. कोणती औषधे किती दिवस नव्हती, कोणत्या रुग्णालयाचे किती महिन्यांचे बिल अडले. समिती या योजनेचा आढावा घेतेच. तिला जिल्ह्याजिल्ह्यातून नेमकी माहिती पोचत नाही.

त्याऐवजी काय होते? 26 जुलैला सत्कार, 7 डिसेंबरला ध्वजदिन निधीचे उद्दिष्ट पूर्ण केल्याचा फोटो, आणि खासदाराच्या पाच कोटींच्या निधीतून कुठेतरी एक चबुतरा. माझा स्मारकांना विरोध नाही. पण चबुतऱ्यावरच्या सैनिकाला कोणी आधारकार्ड मागत नाही, आणि म्हणूनच तो लोकप्रतिनिधींना सोयीचा जातो. मतांसाठी केले तर काय बिघडले, असेही मी म्हणेन. लोकशाहीत चांगली कामे मतांसाठीच व्हायची असतात. फक्त मत कशाच्या बदल्यात मागितले ते बघावे: हारासाठी की निकाली निघालेल्या फायलीसाठी.

हे सगळे आता घाईचे झाले आहे ते अग्निवीरांमुळे. 2022 मध्ये योजना आली, पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून संपू लागतात, आणि चारातले तीन घरी येणार आहेत. यातले कितीतरी नाशिकरोडच्या मैदानावर घडले. योजनेच्या अटींप्रमाणे त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये देवळालीला सरावात तोफगोळ्याच्या स्फोटाने दोन अग्निवीर गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांना नियमित जवानाइतके मिळणार का, हा प्रश्न देशभर गाजला आणि लगेच पक्षीय शेरेबाजीत विरला. योजना चांगली की वाईट, हे भांडण दिल्लीने करावे. पण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परत येणाऱ्या मुलाच्या कानाला तोफांच्या आवाजाने इजा झालेली असेल आणि ती पस्तिशीत जाणवू लागली, तर तो कोणत्या कागदावर बोट ठेवणार? निवृत्तीच्या तपासणीत कान, पाठ, गुडघे तपासून त्याची प्रत त्याच्या हातात द्यावी, अशी शिफारस राज्य केंद्राकडे करू शकते. परत आलेल्या प्रत्येकाची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आपणहून करून घ्यावी, त्याने अर्ज करायची वाट पाहू नये, याला शिफारससुद्धा लागत नाही, शासननिर्णय पुरतो. नाशिक जिल्ह्यात पंधरा आमदार आहेत. नागपूरच्या अधिवेशनात त्यांच्यापैकी एकाने एवढ्या दोन ओळींची लक्षवेधी लावली तरी कामाला सुरुवात होईल.